काचेपलीकडचे रणदिवे

ऐन ऑगस्टात, दुबईत, घरातला एसी बंद करून गोधड्यांच्या खोलीत बसणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर रणदिवे. अल बर्शात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पोटासाठी लोकांच्या इमारतींना एसी बसवून देतात. स्वतःचा मात्र बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या.

पूर्वी ते गात. गणपतीत, हळदीकुंकवात, कुणाच्या बर्थडेला, कुणी विचारलं नाही तरी गात. मग एक दिवस त्यांनी गाणं सोडलं. बिल्डिंगने सुटकेचा निःश्वास सोडायच्या आत जाहीरही केलं, "आता मी गीतकार आणि प्रोड्युसर. स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडचा माणूस!"

हा किडा डोक्यात सोडला 'आपल्या कोरियनने'. हा तिकडच्या कुठल्याशा बॉय बँडचा मुख्य गायक. बँडमधली पोरं एकेक करून सैन्यात गेली, तिथे तसा नियमच आहे म्हणे. बँड पांगला. मग या पठ्ठ्याने माईक खाली ठेवला आणि दुसऱ्यांसाठी गाणी लिहायला, बनवायला बसला. त्याचं पोस्टर रणदिव्यांच्या मुलीच्या, ईशाच्या खोलीत होतं. ईशा कॉलेजसाठी आईबरोबर पुण्याला गेली आणि कोरियन वडिलांच्या गळ्यात पडला. आता ते त्याच्याबद्दल असे बोलतात, जणू धाकटा मावसभाऊच. "आपल्या कोरियनने त्या नव्या पोरीला काय गाणं दिलंय, हबीबी! स्वतः मागे फक्त एक हुंकार!" लिफ्टमध्ये हे ऐकण्यापेक्षा मी जिना चढत असे.

फरक एवढाच, की कोरियनची गाणी जग ऐकतं आणि यांचं एकुलतं एक गाणं वर्षानुवर्षं पुरं होत नव्हतं. धृपद काय, तर 'बसा हो बसा, चहा टाकलाय.'

"यात काव्य कुठंय?" मी एकदा विचारलं.

"ते मिक्सिंगमध्ये येतं, इन्शाल्ला."

धन्य ते गीतकार!

या उन्हाळ्यात माझ्या कंपनीने इथलं ऑफिस गुंडाळलं. आम्ही कायमचे नाशिकला निघालो. बिल्डिंगला कळलं त्याच संध्याकाळी रणदिवे दारात हजर. "यल्ला, चला, तुमची ओळ राहिलीय."

घरभर खोकी पडली होती. तरी गेलो, कारण नाही म्हटलं असतं तर हा माणूस एअरपोर्टपर्यंत माईक घेऊन आला असता.

"म्हणा," ते म्हणाले, "नाही हो, बसत नाही, घाईत आहे."

"ही ओळ आहे?"

"तुम्ही रोज माझ्या दारातून हेच म्हणता. फक्त चालीत म्हणा."

म्हटलं. "वन मोर टेक!" पुन्हा म्हटलं. कोरियन म्हणे एकेका शब्दासाठी गायकाला दिवसभर बसवतो. माझा शर्ट पिळून बादली भरली असती. शेवटी एकदाचं "खलास!" झालं आणि त्यांनी गाणं स्पीकरवर लावलं.

आधी ईशा वैतागली, "बाबा, प्लीज, नॉट अगेन!" मग सावंतवहिनी, "निघते हं, कुकर लावायचाय." त्या रत्नागिरीला परत गेल्या. मग कॅनडाला गेलेले जोशी, "पार्किंग मिळालं का हो?" त्यांच्यामागून आणखी कोण कोण. सगळे ओळखीचे, आणि त्यांतलं एकही माणूस आता या बिल्डिंगमध्ये राहत नव्हतं. सगळ्यात शेवटी घाईत असलेला मी. मला एकदम फार वाईट वाटलं.

ओळींच्या मधे धृपदाच्या जागी मात्र नुसती पेटी वाजत होती.

"इथे तुमचा आवाज कुठंय?"

"माझा कशाला भरून ठेवायचा?" रणदिवे म्हणाले. "मी इथंच आहे की."

त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. ईशा वैतागली, पेटी वाजली आणि काचेपलीकडचा तो माणूस मान खाली घालून, कितीतरी वर्षांनी, पूर्वीइतकाच बेसूर गायला, "बसा हो बसा, चहा टाकलाय."

स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता. मी बसलो.