रंगनाथ साळिंदराचा बर्फाचा डेक

एका जंगलात, बाळांनो, मोबाइलची रेंज फक्त टेकडीवर यायची. शिकार खाली, झरा खाली, घरदार खाली. प्राणी मात्र दिवसभर वर. वाघाच्या शेजारी हरीण बसायचं आणि दोघंही एकमेकांकडे बघायची नाहीत. इतकी शांतता त्या जंगलात पूर्वी कधीच नव्हती.

सगळे एकच खेळ खेळायचे. त्याचं नाव 'पाडा बुरूज'. तुमचा एक बुरूज, समोरच्याचा एक बुरूज. आपले योद्धे धाडायचे आणि त्याचा बुरूज पाडायचा. योद्धे म्हणजे कार्डं. लढाईला आठच कार्डं नेता येत आणि त्या आठांना मिळून डेक म्हणत. कार्ड टाकायला पाण्याचे थेंब लागायचे. भारी कार्डाला जास्त, हलक्याला कमी. आणि थेंब साठायचे हळूहळू. समजलं ना? मग पुढे ऐका.

त्या जंगलात रंगनाथ नावाचं एक साळिंदर होतं. त्याच्या बायकोचं नाव वेणू. दोघांचं बीळ चांगलं होतं, पण एक दिवस हत्तींचा कळप त्यावरून गेला आणि बीळ बसलं. तेव्हापासून दोघं करवंदीच्या जाळीत दिवस काढत होती. त्यातच वेणूला दिवस गेले.

वेणू म्हणाली, पिल्लं यायच्या आत नवं बीळ खोदायला हवं. रंगनाथला ते लगेच पटलं. त्याला सगळंच लगेच पटायचं. उठायला तेवढा वेळ लागायचा.

तो उठणार, एवढ्यात हिमसप्ताह जाहीर झाला.

हिमसप्ताह म्हणजे खेळातली खास स्पर्धा. डेकमध्ये फक्त बर्फाची कार्डं चालणार. तीनदा हरलात की बाहेर. आणि शेवटपर्यंत टिकेल त्याला भव्य बक्षीस, सुवर्णगुहा.

टेकडीवर खळबळ उडाली. बर्फ त्या जंगलात कुणी पाहिलेला नव्हता. गव्याने विचारलं, तो खातात की अंगाला लावतात? तेव्हा मकरंद पोपटाने खुलासा केला. हा मकरंद सर्वांत वरच्या फांदीवर बसून कुणी कोणता डेक लावावा हे सांगायचा. तो स्वतः कधी जिंकला नव्हता. पण आपण का हरलो हे इतकं सुंदर समजावून सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटे, हरावं तर असं.

गुहा कुठली, असंही कुणीतरी विचारलं.

मकरंद म्हणाला, "कुठली म्हणजे? आपल्या जंगलात गुहा आहेच एक."

ते खरं होतं. टेकडीच्या पोटात अस्वलाची जुनी गुहा होती. अस्वल सोडून गेल्यापासून ती रिकामीच होती. कोरडी, ऐसपैस, तोंडाशी उंबराची सावली. रंगनाथने ती मनातल्या मनात आवरायला घेतली. इथे वेणू, इथे पिल्लं, इथे आपण आणि मोबाइल.

खाली येऊन त्याने वेणूला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नाही जिंकलात तर?"

रंगनाथने काटे फुलवले. घरातूनच असा अविश्वास असेल तर माणूस जिंकणार कसा, असं काहीतरी तो बोलला. साळिंदरंही रागाच्या भरात स्वतःला माणूस म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो टेकडीवर गेला आणि वेणूने जमीन उकरायला सुरुवात केली. पहिल्या जागी खडक लागला. दुसऱ्या जागी झाडाचं मूळ आडवं आलं. मग एका ओसाड वारुळापाशी तिला हवी तशी माती सापडली, घट्ट आणि कोरडी. तिथे ती कामाला लागली.

वर रंगनाथही कामाला लागला होता. मकरंदने सांगितलं होतं की हिमहत्तीशिवाय डेक म्हणजे मिठाशिवाय कंद. हिमहत्ती हे सर्वांत भारी कार्ड. एकदा का तो बुरुजापर्यंत पोहोचला की खेळ संपला. म्हणून सगळ्यांनी हिमहत्ती घेतला. रंगनाथनेही घेतला. त्याच्या जोडीला हिमगेंडा घेतला, हिमगरुड घेतला. डेक इतका रुबाबदार दिसत होता की लढायच्या आधी त्याने तो चार जणांना दाखवला.

तो पहिली लढाई हरला. दुसरीही हरला. दोन्ही वेळा थेंब साठेपर्यंत त्याचा बुरूज पडलेला होता. कशाबशा चार लढाया त्याने जिंकल्या, पण आता आणखी एक हार आणि तो बाहेर.

त्या संध्याकाळी तो खाली आला तेव्हा वेणू जाळीत नव्हती. शोधत शोधत तो वारुळापाशी गेला. अर्ध्या खोदलेल्या बिळात ती दमून झोपली होती. तिची नखं पार झिजली होती. रंगनाथला फार वाईट वाटलं. इतकं वाईट, की तिला आता पुन्हा खोदावं लागू नये म्हणून त्याने तिथेच बसून मनातल्या मनात नवा डेक लावायला घेतला.

आणि त्याला हत्तींचा कळप आठवला. हत्ती आले त्या दिवशी जमीन केव्हापासून थरथरत होती. बीळ गेलं, पण तो आणि वेणू कधीच निसटले होते. म्हणजे हत्ती यायला वेळ लागतो आणि येणार हे सगळ्यांना आधी कळतं. जंगलातला प्रत्येक जण थेंब साठवत हिमहत्तीची वाट बघत बसणार. तेवढ्या वेळात बारकी पोरं घुसवली तर?

त्याने हिमहत्ती काढला. गेंडा काढला. गरुड काढताना जरा जीवावर आलं, पण काढला. त्याऐवजी हिमबेडूक घेतला, हिमउंदीर घेतले, समोरच्याला घटकाभर गोठवणारा गारठा घेतला, लपायला हिमधुकं घेतलं. सगळं स्वस्तातलं. फक्त एक पांढरं अस्वल ठेवलं, समोरचा दमला की सोडायला. डेक दिसायला अगदी दरिद्री होता. त्याने तो कुणाला दाखवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून रंगनाथ जिंकत सुटला. हिमहत्ती पाऊल उचलायच्या आत त्याचे उंदीर बुरूज कुरतडून टाकायचे. कोल्हा हरला, तरस हरलं, गवा हरला आणि हरल्यावर त्याने पुन्हा विचारलं की बर्फ खातात का. मकरंद फांदीवरून सांगू लागला की हलक्या डेकचं मर्म आपण पूर्वीच सांगितलं होतं.

अंतिम लढत खंडेराव रानडुकराशी लागली. त्याच्या डेकमध्ये आठही कार्डं भारी होती. अख्खी टेकडी जमली. लढत ऐन रंगात आली असताना एक खार धावत वर आली आणि रंगनाथच्या कानात म्हणाली की वेणूला कळा सुरू झाल्यात, ती बोलावतेय.

रंगनाथने मान वर केली. मग मोबाइलकडे पाहिलं. खंडेरावाचा बुरूज डळमळत होता.

"आलोच म्हणावं," तो म्हणाला. "तिच्यासाठीच खेळतोय."

आणि बाळांनो, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्याने गारठा टाकला, मागून अस्वल सोडलं आणि बुरूज पाडला. टेकडी दणाणली. खंडेरावाने त्याची गळाभेट घ्यायचा प्रयत्न केला, पण काट्यांमुळे बेत रद्द केला.

मग बक्षीस उघडलं. पडद्यावर सोनेरी गुहा झळकली. तिच्यावर चांदण्या पडत होत्या. खाली बारीक अक्षरांत काही लिहिलं होतं. मकरंदने ते आता प्रथमच शेवटपर्यंत वाचलं. 'ही गुहा फक्त खेळात वापरता येईल.'

रंगनाथ खाली उतरला. वारुळापाशी बीळ तयार होतं. तोंड आवळ, आतली वाट वळणाची, आत ऐसपैस जागा. तो बाहेरच उभा राहिला.

आतून वेणूने विचारलं, "जिंकलात का?"

"जिंकलो," तो म्हणाला. "पण गुहा नाही मिळाली."

मग वेणू म्हणाली, "आत या. काटे आडवे करून या. दोन आहेत."

तो आत गेला. पिल्लांचे काटे अजून मऊ होते. रंगनाथ त्यांच्याजवळ बसला आणि रडला. उद्यापासून मोबाइलला हात लावणार नाही, असं त्याने वेणूला सांगितलं. तिने मान हलवली. ती दमली होती.

पण उद्या उजाडला तो मकरंदला घेऊन. त्याच्यामागे निम्मं जंगल होतं. सगळ्यांना विजेत्याचं बीळ बघायचं होतं. बीळ बघून सगळे थक्क झाले. म्हणाले, डेकसारखंच आहे, साधं पण भक्कम. डोकं लागतं याला.

"हे वेणूने खोदलंय," रंगनाथ म्हणाला.

मकरंद हसला. म्हणाला, हा विनय पाहा. पाहुण्यांनी तो पाहिला.

दुसऱ्या खेपेच्या पाहुण्यांना रंगनाथने तेच सांगितलं, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "आम्ही खोदलं." त्यानंतर कुणी बिळाचं कौतुक केलं की तो नुसता खाली बघून हसायचा. गव्याने दाराशी मोठा दगड आणून उभा केला. माकडांनी त्यावर कोरलं, 'महाविजेता रंगनाथ यांचे निवासस्थान'. पाहुण्यांना कंद द्यायचं काम वेणूकडे आलं.

वेणूने चार दिवस कंद दिले. पाचव्या दिवशी तिने बिळाला मागच्या बाजूने दुसरं तोंड पाडलं. आता पुढून पाहुणे आले की ती पिल्लांना घेऊन मागून निघते आणि झऱ्यावर जाऊन बसते. तिथे रेंज येत नाही. पिल्लं बेडकांमागे धावतात. वेणू पाण्यात पाय सोडून बसते.

रंगनाथचं बोलणं संपेपर्यंत ती परत आलेली असते. ती गेली होती हे त्याला अजून कळलेलं नाही.

तात्पर्य: कष्ट करणाऱ्याला फळ मिळतं, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. ते खरं आहे, मात्र सत्कार वेगळ्याचा होतो. म्हणून बाळांनो, डेक कुठलाही लावा, हरा किंवा जिंका. फक्त आधी घरात नीट बघून घ्या, माती कोण उकरतंय. कुणीच उकरत नसेल, तर मात्र हरण्यात अर्थ नाही आणि जिंकण्यातही नाही.