सोळा अंशांवरचं तळं

निसर्गाचं रक्षण करायचं, तर आधी बसायला जागा हवी, हे कुठल्याही समंजस माणसाला पटेल. म्हणूनच आमच्या वसाहतीमागचं तळं वाचवण्यासाठी नेमलेल्या कार्यालयाला तळ्याचीच अर्धी जागा दिली. (इतकी जवळ दुसरी नव्हती.) भराव घालून काचेची सुंदर इमारत उभी राहिली.

त्या तळ्यात मी पोहायला शिकले. थोरला भाऊ माझ्या कमरेला दोर बांधून मला पाण्यात सोडायचा आणि दोर धरलाय हे विसरून मित्रांशी गप्पा मारायचा. संध्याकाळी बेडूक असे ओरडत, की आईबाबांना भांडण सकाळवर ढकलावं लागे.

काचेमुळे कार्यालयात उकडू लागलं, म्हणून सव्वीस एसी बसवले. त्यांची गरम हवा उरलेल्या तळ्याकडे सोडली. तळं आटू लागलं. कार्यालयाने हे तातडीने नोंदवलं.

मात्र एसीच्या नळ्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचं मागच्या भिंतीशी डबकं साचलं आणि एके सकाळी त्यात बेडूक सापडला. एकूण बेडूक : एक. मागच्या वर्षी तिथे शून्य होते, त्यामुळे वाढ टक्केवारीत मावेना. बेडकाच्या हितासाठी सगळे एसी रविवारीही सोळा अंशांवर चालू ठेवण्याचा आदेश निघाला. शिपाई स्वेटर घालून येऊ लागला.

डबकं यशस्वी झाल्यावर उरलेलं तळं जादा ठरलं. ते बुजवून तिथे वाढीव इमारत, म्हणजे आणखी चाळीस एसी, म्हणजे आणखी डबकी. यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त डबकं तळ्याच्या तोडीचं आहे, असं जुन्या माणसाचं प्रमाणपत्र हवं होतं. वसाहतीत जुनी म्हणजे मीच.

कार्यालयाच्या साहेबांनी मला बोलावून खुर्ची दिली, वर पांघरायला शाल दिली.

"आजी, इथे सही करा. तुमचं तळंच आहे हे."

"मग पोहून दाखवा."

"पोहायचं कशाला? पाय भिजला तरी आम्ही पाणवठा धरतो."

"आणि खरं तळं?"

"ते तापतंय हो. किती दिवस हाल करायचे त्याचे?"

माणूस कनवाळू होता. शेजारी सून कुजबुजली, "आई, करून टाका सही. मला हुडहुडी भरलीय."

मी सही केली नाही. लेखी हरकत दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि नियम समजावला : प्रमाणपत्र मिळालं नाही, तर रहिवाशांचं मत बघतात. नोटीस घरोघरी गेली होती, आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर त्या घराची संमती धरतात. हरकत : एक. संमती : चारशे अकरा.

भरावाचे ट्रक सोमवारी आले. दुपारपर्यंत काम उरकलं.

संमतीची यादी मी पाहिली. तुमचं घर तिसऱ्या पानावर आहे. आपण काहीच केलं नाही, असं वाटून घेऊ नका. तुमच्या नावापुढे 'सक्रिय सहभाग' असं लिहिलंय.