भाताची हजेरी

आमचे तात्या भात टाकताना हजेरी घेतात. तांदळाच्या डब्यात हात घालायचा, मूठ भरायची, पातेल्यात सोडायची आणि एक नाव घ्यायचं. "नंदू." मूठ. "नंदूची बायको." मूठ. "मेधा." मूठ. आवाज अगदी कोरडा, कारखान्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या मुकादमाचा. फक्त "हजर" म्हणायला समोर कोणी नसतं. कारण तेव्हा रविवार सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि आम्ही मंडळी आपापल्या घरी अंथरुणात लोळत असतो.

तात्या म्हणजे माझे सख्खे धाकटे काका. वालीवच्या एका कारखान्यात जन्मभर बोल्ट तपासायचं काम केलं. हातात घ्यायचा, फिरवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचं "पास" नाहीतर "रिजेक्ट". नोकरी सुटली, ही खोड काही सुटली नाही. आगाशीच्या बाजारात ते दुधी घेतात तोसुद्धा एक डोळा मिटून. तिथली भाजीवाली त्यांना बसमधून उतरताना बघते आणि शेजारणीला सांगते, "आले गं, चेकिंगवाले आले!"

काकू होत्या तोवर या गृहस्थाने घरात साधा चहा केला नव्हता. काकू गेल्या, त्याला आता सहा वर्षं होतील. दिवसकार्य आटपलं आणि पुढच्याच रविवारी तात्यांचा सगळ्यांना फोन. "जेवायला या. सगळे." आम्ही गेलो. काय ते वरण! डाळ एकीकडे, पाणी दुसरीकडे, आणि मध्ये हळदीची एक गाठ. तात्यांनी घास घेतला, डोळा मिटला आणि म्हणाले, "रिजेक्ट. पण जेवा." आम्ही जेवलो. तेव्हापासून एकही रविवार चुकला नाही. आता वरण बरं जमतं. बेत ठरलेला. वरण, भात, दुधी नाहीतर वालाचं बिरडं, आणि सुक्या बोंबलाची चटणी. विरारच्या पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही आठदहा जण मांडीला मांडी लावून बसतो.

इथवर सगळं कौतुकाचंच. आता पुढचं सांगतो. मी देवाधर्माच्या फार भानगडीत पडणारा माणूस नाही हे आधी लक्षात घ्या.

तात्यांच्या हजेरीत जेवढी नावं, तेवढीच माणसं येतात. कमी नाही, जास्त नाही. आणि यायचं की नाही हे त्यांना कोणी कळवलेलं नसतं. कधी एखादा लवकर पोचतो आणि हजेरी ऐकतो, म्हणून आम्हाला हे ठाऊक. एकदा त्यांनी "सुधाकर" म्हणून मूठ टाकली. सुधाकर म्हणजे नाशिकचा चुलतभाऊ, दोन वर्षांत फिरकला नव्हता. साडेबाराला दारात हजर! म्हणाला, "वसईला कामाला आलो होतो, परत निघालो, आणि काय झालं कळेना, पाय इकडेच वळले." एकदा मी ठरवून गेलो नाही. घरी क्रिकेटची मॅच बघत बसलो होतो. साडेबारा वाजले आणि पोटात असं काही ओढल्यासारखं झालं की भानावर आलो तेव्हा मी जिन्यात होतो, पायात चपला होत्या, आणि एक चप्पल माझ्या बायकोची, मेधाची होती.

तात्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणतात, "मूठ पडली की माणूस निघतो. त्यात काय?"

शेवटची मूठ नाव न घेता पडते. म्हणजे ते म्हणतात, "आणि ही." ही म्हणजे काकू. नंदू, माझा धाकटा भाऊ, जरा तोंडाळ आहे. त्याने एकदा विचारलंच, "तात्या, काकूंची मूठ कशाला? काकू काय जेवायला येतात?"

"भात उरतो का?" तात्या.

"नाही."

"मग?"

त्यानंतर आमच्यात एक गोष्ट झाली, कोणी ठरवली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे काकू बसायच्या, तिथे एवढ्या दाटीवाटीतही कोणी बसत नाही. मांडी अवघडते, कोपर एकमेकांच्या वरणात जातं, पण ती जागा रिकामी राहते.

आणि मूठ पडली नाही तर? तेही सांगून टाकतो. एका रविवारी नंदूचं आणि त्याच्या बायकोचं नाव आलं नाही. साडेबाराला त्याच्या बायकोचा फोन, सातिवलीच्या रस्त्यावर खड्ड्यात स्कूटर गेली, पाय मोडला. एका रविवारी मोठ्या आत्यांचं नाव आलं नाही. आत्या आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत. त्याच रविवारी त्यांना जरा कणकण वाटली म्हणून आल्या नाहीत, आणि पुढच्या शनिवारी वारल्या. या दोन्ही गोष्टींवर मेधाचं म्हणणं, "योगायोग." योगायोग म्हणताना ती गळ्यातलं मंगळसूत्र का चाचपत होती, ते मी विचारलं नाही.

तर गेल्या वर्षी एका रविवारी मी दही घेऊन जरा लवकर गेलो. दार उघडंच होतं. आत हजेरी चालू होती. मी दारालगतच्या बोळातच थांबलो. "नंदू. नंदूची बायको. मेधा." मी आपला वाट बघतोय. मेधानंतर नेहमी माझं नाव. "अवि." पण छे! तात्या थांबले. डब्यात तांदळाची सळसळ झाली. मग पुढचं नाव आलं, मग त्याच्या पुढचं, मग "आणि ही", आणि डब्याचं झाकण लागलं.

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. जेवताना एकेक घास बत्तीस वेळा चावला, ठसका लागू नये म्हणून. घरी परतताना रस्ता ओलांडायला मेधाचा हात धरला. "लोक बघतायत," ती म्हणाली. म्हटलं, "बघू दे, साक्षीदार असलेले बरे." आठवडाभर स्कूटरला हात लावला नाही. डॉक्टरकडे जाऊन रक्त, साखर, छाती, सगळं तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही झालेलं तुम्हाला." हे ऐकून मी जास्तच घाबरलो. आत्याही ठणठणीतच होत्या.

वर त्याच महिन्यात ऑफिसात माझ्या बढतीचा कागद आला होता. नागपूरला, मोठ्या जागेवर. मी तो कागद बॅगेत ठेवून दिला होता आणि मेधाशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. जायचं की नाही ठरत नव्हतं. खरं तर ठरलंच होतं, नाही जायचं. तात्यांची एकुलती एक मुलगी वैशाली तिकडे इंदूरला संसारात. इथे त्यांचं म्हणावं असं मीच एक. नंदू आहे, पण नंदूला स्वतःचं औषध वेळेवर घेता येत नाही. आता तर म्हटलं, बढती घ्यायला आपण उरतो की नाही ते आधी बघू.

दुसरा रविवार. पुन्हा मी बोळात. पुन्हा "मेधा", मग ती सळसळ, आणि माझं नाव गाळून पुढे. तिसऱ्या रविवारीही तेच. पण मी जिवंत होतो! आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरेना. माझी मूठ पडत नाही, तरी मी पोटभर भात जेवतोय. मग कमी कोणाला पडतोय?

त्या दिवशी मी सगळ्यांकडे बघत जेवलो. नंदू दोनदा भात घेत होता, तो काही कमी खाणाऱ्यातला नाही. तात्या वाढत होते. "घे रे. लाजू नकोस." वाढता वाढता पातेलं संपलं, तात्यांनी ते उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. स्वतःसाठी ताट घेतलंच नाही.

मंडळी गेली. मेधाला म्हटलं, तू हो पुढे. तात्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते.

"तात्या, तुम्ही जेवला नाहीत."

"भूक नव्हती."

"तीन रविवार?"

त्यांनी नळ बंद केला.

"माझी मूठ का नाही टाकत?" मी विचारलं. "काय होणार आहे मला? एकदाचं सांगून टाका."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले. काकू गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "गाढवा, तुला वाटलं तू मरणार?"

"मग नंदू? आत्या?"

"ते वेगळं," तात्या म्हणाले. हसणं गेलं होतं. "त्यांच्या वेळी हात डब्यात जातच नव्हता. मी नाव घ्यायला बघायचो, नाव यायचं नाही. तुझ्या वेळी हात जातोय. मूठ भरते. मी ती परत सोडतो."

म्हणजे ती सळसळ. डब्यात परत पडणारा तांदूळ.

"का पण?"

"तू कुठेतरी जायचा आहेस."

मी मेधावर चिडायच्या बेतात होतो. ते त्यांना कळलं. "तिने काही सांगितलं नाही. तू हळू जेवायला लागलास. दही घेऊन आलास त्याच्याही आधीपासून. जायचं असलं की माणूस हळू जेवतो. वैशालीचं लग्न ठरलं तेव्हा तीसुद्धा अशीच जेवायची, एकेक शीत वेचून."

मग त्यांनी ते सांगितलं, जे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यात आधी वैशालीचं नाव होतं हजेरीत. काकूंमागे वर्षभराने ती लग्न होऊन इंदूरला गेली, तरी राहवलं नाही की ते अधूनमधून तिची मूठ टाकायचे. पहिल्या वर्षात ती चार वेळा उठून आली. नवऱ्याशी भांडून, नोकरी टाकून, एकदा अंगात ताप असताना. "काय होतंय तिचं तिलाच कळेना. रविवार आला की घुसमटायची म्हणे. मला कळत होतं. मीच ओढत होतो तिला इकडे." एका रविवारी त्यांनी मूठ बंद केली. पुढे वैशाली रमली. आता छान आहे. दिवाळीला फोन करते.

"दिवाळीलाच?" मी विचारलं.

"रमली ना," तात्या म्हणाले.

मी म्हटलं, "तात्या, मी नागपूरला जात नाहीये. कागद परत करतोय. उद्याच."

"रिजेक्ट," तात्या म्हणाले. ओला हात धोतराला पुसला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. "तू जायचं. मूठ पडत नाही तरी येतोयस, ती सवय आहे, सुटेल. तुझ्याशिवाय भात कसा लागतो ते मी बघून ठेवतोय."

"आणि तुम्हाला काय वाटतं ते?"

"ते विचारू नकोस अवि. विचारलंस तर खरं सांगावं लागेल, आणि मग तू जाणार नाहीस."

मी विचारलं नाही. महिनाभराने आम्ही नागपूरला आलो.

इथे रविवारी मेधा वरणभात करते. बारा वाजले की मी घड्याळाकडे बघत बसतो. साडेबारा होतात. पोटात काही ओढ लागते का, श्वास धरून बघतो. लागत नाही. एकदाही नाही. म्हणजे तिकडे विरारला मूठ भरली जाते आणि परत सोडली जाते, दर रविवारी, न चुकता. मला तात्यांचा असा राग येतो, असा राग येतो, की समोरचं ताट दिसत नाही.