हकीकत भवानीबाईंच्या पापाची

कावेरीच्या दक्षिण अंगास तंजावर शहर, तेथे शके एकोणीसशे सत्तेचाळीसात, पुरट्टासी या तमिळ महिन्यात जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत थोरामोठ्यांनी पुसली, म्हणोन स्मरली तैसी लिहिली. अक्षर वाकडे दिसल्यास क्षमा असावी. या हकीकतीत अक्षरांनीच घात केला आहे.

राजश्री भवानीबाईसाहेब, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतील निवृत्त टंकलेखिका, यांचे घराणे मराठी, बोलणे मराठी, परंतु नागरी अक्षराशी ओळख नाही. तमिळ टंकावर मात्र हात ऐसा की बोटे दिसत नसत. तेहतीस वर्षे दुसऱ्यांचे मजकूर छापिले, आणि स्वतःचा एक शब्द म्हणोन कधी कागदावर आला नाही. मग गेल्या वर्षी आडी महिन्यात त्यांचे तीर्थरूप राजगोपालराव कैलासवासी जाहले. हे तंजावर ते तिरुवैयारु या बसचे कंडक्टर, उंची सहा फूट. दिवसभर तमिळात तिकिटे फाडीत आणि घरी येऊन मराठीत रागे भरत. पंगतीस मुले दाटून बसली की बसमधल्याच आवाजात गर्जत, "पुढं सरा!" ते गेले, आणि बाईसाहेबांस मराठीत रागे भरणारे कोणी उरले नाही. यजमान बाळकृष्णराव मराठीच, परंतु दिवसाकाठी चार शब्द खर्चणारे, आणि त्यांतले दोन "कापी", म्हणजे कॉफी, ऐसे असत. मराठी घरातून निघोन चालली, हे बाईसाहेबांस उमगले.

तेव्हां फोनात एक दरबार असल्याची खबर लागली. नाव 'रोजचे पान'. एकवीस दिवस रोज एक पान मराठीत लिहावे, संध्याकाळी आठाच्या आत रुजू करावे, एक दिवस चुकल्यास नाव हजेरीपटावरून खारीज, ऐसा दस्तुर. सरदार त्रेचाळीस, सर्वांवर हुकूम सांगलीच्या शांभवीबाईंचा. बाईसाहेबांनी मसलत करोन शिरकाव केला. हत्यार आपलेच काढिले. मराठी बोलावी, ती तमिळ अक्षरांत छापावी, मग फोनातील अदृश्य कारकुनाने ती नागरीत उतरवावी, आणि आलेली उत्तरे फोनानेच मोठ्याने वाचून दाखवावी. बंदोबस्त चोख जाहला.

परंतु तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांस एकच अक्षर, आणि क, ख, ग, घ यांसही एकच. कारकून बापडा जे दिसले ते उतरवी. त्यात बाईसाहेबांनी घरात जन्मभर "अप्पा" म्हटले, पण पुण्यासांगलीचे लोक वाचणार म्हणोन भारदस्त शब्द योजिला तो "बाप". तो योजिला नसता तर युद्धच जाहले नसते.

पहिल्या दिवशी सातावर चाळीस मिनिटांस दरबारात पान दाखल जाहले ते ऐसे: "माजा पाप सहा पूट उंच. सकळ्या कावाला टाऊक. पाप केल्यापासून मला जोप लाकत नाही."

मग सांत्वनाची फौज चौफेर सुटली. नाशिकाहून खलिता आला की ताई, कबूल करायला धैर्य लागते. जळगावाहून आला की काळ जाईल तसे ओझे हलके होते. शांभवीबाईंनी फर्माविले की तुम्ही एकट्या नाही, रोज लिहा, सगळे लिहा, आम्ही ऐकतो आहोत. कराडचे नेर्लेकर मास्तर, भाषेचे जाणते, त्यांस "सकळ्या" हा शब्द पाहोन भरून आले. प्राचीन मराठी तंजावरात जिवंत सापडली म्हणोन त्यांनी सतरा कलमांचे टिपण जोडिले.

फोनाने हे सर्व खणखणीत वाचिले. बाईसाहेब ऐकत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बाप जाऊन वर्ष जाहले तरी कोणी ऐसे विचारिले नव्हते. बाळकृष्णरावांस वर्दी गेली की सांगलीचे लोक फार मायाळू आहेत. रावांनी "सरि", म्हणजे बरे, म्हणोन दिवसाचा तिसरा शब्द खर्च केला.

मग बाईसाहेबांस जोर चढला आणि सात दिवस त्यांनी बापाचीच पाने पाडिली. बापाने सायकल शिकवली, ते पापाने शिकवली ऐसे पोहोचले. बाप भाजी छान करी, त्याचे पाप पाजी चान करी जाहले. बाप पोलिसासही तिकीट फाडल्यावाचून सोडत नसे, ते पाप पोलिसासही तिकीट पाडल्यावाचून सोडत नसे ऐसे उतरले, तेव्हां दरबारात घबराट उडाली. कित्येकांनी आपली जुनी पापेही लिहोन काढिली, की बाईस सोबत व्हावी. एकाने शेजाऱ्याचा आंबा पाडल्याचे कबूल केले. एकीने नणंदेचे पत्र फोडल्याचे लिहिले आणि मन मोकळे जाहले म्हणोन भवानीबाईंचे उपकार मानिले.

नववे दिवशी दुपारी कोल्हापूरचे जुने वकील भरद्वाजसाहेब यांचा खलिता आला. मजकूर ऐसा की बाई, आपण पोलिसांत हजर व्हावे, वकीलपत्र मी घेतो, तंजावरास स्वतः येतो, फीचे नाव काढू नये. हे ऐकोन बाईसाहेब बुचकळ्यात पडल्या. कैलासवासी कंडक्टरास वकील कशास? मग मनात पाल चुकचुकली आणि आजवर न केलेले काम केले. आपलेच पहिले पान फोनास वाचावयास सांगितले. फोन निर्विकार वाचू लागला. "माजा पाप सहा पूट उंच." पुढे "पाप केल्यापासून" येताच बाईसाहेबांनी चालता झोपाळा पायाने थांबविला.

"अय्यय्यो! अस्की लोक, सगळेच्या सगळे, मला खुनी समजून बसलेत की!"

मोठी नामुष्की जाहली. लाजेने कान तापले, आणि त्याहून वाईट वाटले ते वेगळेच, की मिळालेली माया आपली नव्हे, ती कोण्या गुन्हेगार बाईची. मोहीम सोडावी, दरबारातून गुपचूप निघोन जावे, ऐसा बेत ठरला. सहा वाजले, सात वाजले, पान नाही. साडेसातास शांभवीबाईंचा जासूद आला की नाव खारीज करणे जिवावर येते, एक ओळ तरी धाडावी. बाईसाहेबांनी फोन पालथा घातला.

तेव्हां बाळकृष्णराव खुर्चीतून उठले, फोन उलथा केला आणि बायकोच्या हाती दिला. मग चार शब्दांची शिस्त मोडोन बोलले, "अत्तां लाजायचं काय त्यांत? जें जालं तें सांगून टाक. अप्पा असते तर हसून हसून खोकलले असते. छापूं नको. बोल!"

आठास दहा मिनिटे होती. बाईसाहेबांनी पदर सावरला आणि आपल्या आवाजाचीच स्वारी धाडिली ती येणेप्रमाणे: "मी भवानी, तंजावरहून बोलतें. मी कसलंही पाप केलें नाही हो. माझे अप्पा गेले. बाप लिहायला गेलें तर पाप जालं, आमच्या तमिळ अक्षरांत दोन्ही एकच. आठ दिवस तुम्ही धीर दिलांत, तो चुकीच्या कारणाचा होता. तरी मी तो ठेवून घेतलाय. परत मागूं नका."

मग जो हास्याचा भडिमार जाहला तो आठ वाजोन गेले तरी खंडला नाही. नेर्लेकर मास्तरांनी सतरा कलमे मागे घेतली आणि अठरावे नवे लिहिले, की हे बोलणे टिपणाहून गोड आहे. भरद्वाजसाहेबांनी कळविले की वकीलपत्र रद्द, तंजावरास येणे रद्द नाही. शांभवीबाईंनी हुकूम काढिला की बोललेलेही पान धरावे, आणि भवानीबाईंनी रोज बोलावे, पाळीपाळीने एकेकाने ते नागरीत उतरवावे, ब ला ब आणि ग ला ग करावे. हजेरीपटावर नाव कायम जाहले.

तेथून एकविसावे दिवसापर्यंत बाईसाहेबांचा अंमल निर्वेध चालला. अखेरच्या दिवशी त्यांनी अप्पांचा पंगतीतला हुकूम सांगितला आणि पाऊण मिनिटात पान संपविले. मग सूर्य मावळण्याच्या सुमारास दरबारात पाने येऊ लागली. नाशिकाहून एक, जळगावाहून एक, कराडाहून एक, येणेप्रमाणे बेचाळीस. प्रत्येकाने आपल्या वडिलांवर लिहिले होते, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर, कोणी न सांगता, एकच मथळा होता: "माजा पाप".

बाईसाहेब झोपाळ्यावर बसल्या आणि फोनास वाचण्याचा हुकूम जाहला. बाळकृष्णराव कापी मागावयास आले, पण झोपाळ्याच्या मध्यावर बाईसाहेबांचा डबा, चष्मा आणि उशी, म्हणोन कडेवरच टेकले. बाईसाहेबांनी उशी उचलिली आणि थेट तिरुवैयारु बसच्या आवाजात गर्जल्या, "पुढं सरा!"

राव चपापले. मग सरले. आणि त्या घरात वर्षाने तो हुकूम ऐकू आला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्रेचाळीस निघाले, त्रेचाळीस पोहोचले, खारीज कोणी नाही. बेचाळीस पाने दोघांनी मिळोन ऐकिली, आणि कापी त्या संध्याकाळी रावांनी केली. साखर घालण्याचे विसरले. बाईसाहेब मराठीत रागे भरल्या.