जुन्या नोकरीचा कोड

हॉटेल बुक करताना पानाच्या तळाशी एक रिकामा चौकोन दिसतो. ‘कॉर्पोरेट कोड असल्यास टाका.’ शहाणी माणसं तो सोडून पुढे जातात. मी थांबले.

लग्नाआधी तीन वर्षं मी एका कंपनीत साहेबलोकांची हॉटेलं बुक करायचे. कोड बोटांना पाठ. नोकरी सोडून दोन महिने झाले होते, पण बोटांनी राजीनामा दिलेला नव्हता. दोन्ही खोल्यांचा दर झर्रकन निम्म्यावर आला.

“हुशार आहे हो पोरगी!” शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. (लग्नानंतरचं पहिलंवहिलं कौतुक. ते घालवून कोड पुसायचा?)

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. कॉपी करणारं पोर त्या नुसत्या पाठीवरून ओळखत.

“मॅडम, कंपनीचं ओळखपत्र?” हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी गोड हसली.

मी उगाच पर्स चाचपली. “घरी राहिलं.”

“हरकत नाही. तुमच्या ऑफिसला फोन करून विचारते. तसा नियमच आहे.”

ठाऊक होता मला नियम. मीच तो टाइप करून सगळ्या हॉटेलांना पाठवला होता. (शुद्धलेखन दोनदा तपासून.)

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे लॉबीतल्या काचेच्या पेटीतले मासे बघत उभे.

“अहो!” मी कुजबुजले.

“अकरा आहेत,” हे म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई सोफ्यावरून उठून आल्या. “काय अडलंय?”

“काही नाही, आई. नेटवर्क नाहीये.”

तोच फोन लागला. मुलीचा हात की-बोर्डवर होता, म्हणून तिनं स्पीकर चालू केला. समोर दोन किल्ल्या, मागे सासूबाईंचा श्वास.

“हो, यादीत नाव आहे,” पलीकडून आवाज आला. मी हुश्श करणार, तोच, “पण थांबा हं. त्यांच्या जागेवर तर मी आलेय! सोडून गेलेल्यांची नावं यादीतून काढायचं काम त्यांचंच होतं. स्वतःचं काढायचं राहिलं वाटतं.”

फोन बंद झाला. काउंटरवरची मुलगी हसायची थांबली. “म्हणजे तुम्ही कंपनीत आहात, की नाही?”

माशांची मोजणीही थांबली. एका कोडापायी मी ह्या घरात जन्मभर ‘ती कॉपी करणारी’ म्हणून राहणार होते.

“नाही,” मी म्हणाले. आवाज माझाच होता बहुतेक. “नोकरी सोडलीय. चूक झाली. पूर्ण दर लावा.”

सासूबाईंनी मला बाजूला सारलं आणि पर्समधून एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

“निवृत्त शिक्षकांना इथं सवलत असते ना?”

“असते की!” मुलीनं खटाखट आकडे दाबले. “दोन्ही खोल्यांना मिळेल.”

मी दर बघितला. माझ्या कोडापेक्षाही कमी.

“आई!” हे एकदम मासे सोडून आले. “तुला हे आधीपासून माहीत होतं? मग ही बुकिंग करत होती, तेव्हाच का नाही सांगितलंस?”

सासूबाईंनी शांतपणे किल्ल्या उचलल्या.

“परीक्षा चालू असताना कुणी उत्तर सांगतं का?”