अजमानच्या बर्फातली तिसरी फेरी

"मॅडम, जूते जमा करो," काउंटरवरचा खैरुद्दीन तिसऱ्यांदा म्हणाला.

"भाईसाब, ये जूता अकेला नहीं निकलता," साधनानेही तिसऱ्यांदा सांगितलं. "पूरा पैर साथ में आता है."

साधनाला लहानपणी उजव्या पायाला पोलिओ झाला होता. मांडीपासून खाली लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि त्याच्या टोकाला पक्का बसवलेला बूट. बूट काढायचा तर अख्खा कॅलिपर काढायला हवा, आणि कॅलिपर काढला की उभं राहणं बंद. समोरच्या पाटीवर मात्र तीन भाषांत बजावलं होतं, की हॉलचे रबरी बूट घातल्याशिवाय आत प्रवेश नाही आणि स्वतःचे बूट जमा केल्याशिवाय हॉलचे बूट मिळणार नाहीत. पाटी लिहिणाऱ्याच्या मते जगातली सगळी माणसं आपल्या बुटांपासून सुटी होत असावीत.

अजमानमधल्या या हॉलमध्ये दोन महिन्यांपूर्वीपर्यंत गोठवलेल्या कोंबड्या राहत होत्या. मग मालकाच्या डोक्यात आलं, की थंडी आहेच, तर बर्फही करू. कोंबड्या गेल्या, बर्फ आला आणि बर्फावर चालवायला बॅटरीवरची स्नोमोबाइल आली. पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा आणि मोटारसायकलसारखं हँडल. तिकिटाला तीन फेऱ्या. दोन हजार तीनच्या जानेवारीत बर दुबईतल्या निम्म्या मराठी घरांतून याच गाडीची चर्चा चालली होती.

"मी काय म्हणतो," साधनाचा नवरा सूर्यकांत लेकीचा हात धरून मागून हळूच म्हणाला, "पंचवीस दिरहम गेले तर गेले. सव्वातीनशे रुपये, काही मोठी गोष्ट नाही. मिहिकाला आत पाठवू. आपण बाहेर उन्हात चहा घेऊ."

"तुम्ही घ्या चहा."

सूर्यकांत विमा कंपनीत क्लेमच्या विभागात होता. जगातली कुठलीही वस्तू दिसली, की ती कशी मोडेल हे त्याला आधी दिसायचं. साधनाचं तसं नव्हतं. लग्नाआधी कोल्हापुरात ती दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन गावभर हिंडायची. पेट्रोल संपलं तर पंपापर्यंत ढकलायला माणसं गोळा करायची, पण मागे बसायची नाही. दुबईला आली आणि आठ वर्षं मागेच बसली. तसली स्कूटर इथे मिळेना, मोटारीचा परवाना मिळेना, आणि नवरा इतका प्रेमळ, की ऑफिसच्या पायरीपर्यंत सोडायला यायचा. एकदा, फक्त एकदा, काहीतरी आपल्या हाताने चालवायचं होतं तिला. एका मैत्रिणीने फोनवर सांगितलं होतं, "अगं, त्या बर्फातल्या गाडीला पायाचं कामच नाही!" त्या क्षणापासून साधना अजमानच्या वाटेवर होती.

"हौ मॅडम, मेरे को समझता," खैरुद्दीन कळवळून म्हणाला. तो हैदराबादचा, मनाने मऊ. "लेकिन रूल है ना. मैं सुपरवाइजर को बुलाता."

सुपरवायझर जमाल आला. मूळचा इजिप्तचा, पण चार वर्षांत कामापुरती हिंदी शिकला होता. त्याने साधनाचा पाय पाहिला, काठी पाहिली आणि चेहऱ्यावर दुःख आणलं.

"मॅडम, नॉट सेफ. मशीन तक खुद चलके जाना. रूल."

"मेरे को चलना आता तो बैठने को क्यूं आती?"

जमालने या प्रश्नाचा विचार कधी केला नव्हता. "रूल," तो पुन्हा म्हणाला.

"किधर लिखा है?"

साधना एका शिपिंग एजन्सीत माल उतरवण्याचे कागद तपासायची. कागदावर नसलेली गोष्ट जगात नसते, असं तिचं ठाम मत होतं. जमाल पाटीकडे वळला. पाटीवर नऊ नियम होते. त्याने ते अरबीत वाचले, मग इंग्रजीत वाचले. चालण्याचा नियम कुठेच नव्हता.

"ओके. बट गार्डियन साइन," म्हणत त्याने खणातून एक कागद काढला.

"अरे, अभी पाँच मिनट पहले मिहिका की गार्डियन बनके मैंने ही साइन किया!"

"दॅट फॉर बेबी. धिस फॉर यू."

"आय ॲम नॉट अ बेबी," दहा वर्षांची मिहिका म्हणाली. "अँड आई इज थर्टी-सिक्स."

पेन सूर्यकांतच्या हातात आलं. त्याने कागद वाचला. सर्व परिणामांची जबाबदारी सही करणाऱ्याची, असं त्यात होतं. त्याने कागद उलटा करून मागेही काही आहे का ते पाहिलं. मागे रांग वाढत होती आणि घड्याळात पावणेबारा होत आले होते. शुक्रवार होता. बाराला हॉल नमाजासाठी दीड तास बंद होणार होता.

"आणि पडलीस तर?" तो म्हणाला.

"तर पडेन."

"म्हणजे?"

"म्हणजे लोक पडतात तशी. लोक पडतात, हसतात, पुन्हा बसतात. मला पडायचीसुद्धा परवानगी नाही का हो?"

सूर्यकांतला एकदम वाईट वाटलं. त्याने सही केली, पण ती त्याची सही आहे हे बँकेने ओळखलं नसतं.

मग भराभर सगळं झालं. साधनाने बाकावर बसून पट्टे सोडले. कॅलिपर खैरुद्दीनने देवाचा प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला आणि सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला दिला. काठीही ठेवून घेतली, कारण टोकदार वस्तू बर्फावर नेऊ नये हा सहावा नियम होता. हा मात्र खरोखर लिहिलेला होता. आता मॅडम गाडीपर्यंत जाणार कशा? जमाल दोन पावलं मागे सरकला. परक्या बाईला हात लावणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. शेवटी खैरुद्दीनने कोंबड्यांची खोकी वाहायची जुनी ढकलगाडी आणली.

"साधना, यावर?" सूर्यकांत कासावीस झाला. "लोक बघतायत."

"बघू दे. ढकला."

आत उणे चार होतं. सूर्यकांत ढकलत होता, रबरी बूट घसरत होते आणि मिहिका "बाबा, यू आर स्किडिंग!" असं प्रत्येक पावलाला सांगत होती. स्नोमोबाइलपाशी पोचल्यावर त्याने साधनाला दोन्ही हातांनी उचललं, वळवलं आणि सीटवर नीट बसवलं. त्याच क्षणी त्याच्या कमरेत कट् असा आवाज झाला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला आणि वाकलेलाच राहिला.

जमालने तिकिटाला पहिलं भोक पाडलं आणि झेंडा हलवला. साधनाने अंगठा दाबला. गाडी हिसका देऊन निघाली. सूर्यकांतने डोळे मिटले, पण कमर धरलेली असल्यामुळे हात जोडता आले नाहीत. पहिल्या वळणाला गाडी दोराला घासली, साधनाने डाव्या हाताने ब्रेक धरला आणि गाडी सरळ झाली. पायाला खरंच काही काम नव्हतं. आपल्याला रडू येईल अशी तिला धास्ती होती, पण आलं ते हसू, आणि तेही मोठ्याने. दुसऱ्या फेरीचं भोक पाडताना जमालला बाजूला उडी मारावी लागली.

फेरी संपवून ती आली तेव्हा जमालने शिट्टी वाजवली. "खलास, मॅडम. नमाज."

"मेरा एक राउंड बाकी है."

"आफ्टर नमाज. यल्ला, नीचे."

आता आली पंचाईत. हॉल रिकामा झाला होता. मिहिका ढकलगाडी आणायला धावली आणि तशीच परत आली.

"आई, एव्हरीथिंग इज लॉक्ड!"

मॅडम आता नमाजानंतरच खाली उतरणार असं समजून खैरुद्दीनने काउंटर बंद केला होता. मॅडमची वस्तू मोलाची, कुणी उचलून नेऊ नये, म्हणून कॅलिपर आणि काठी आतल्या कपाटात घातली होती. पोरं खेळतील म्हणून ढकलगाडीही आत ओढली होती. मग शटर पाडून, किल्ली खिशात घालून तो मशिदीकडे गेला होता. इतकी काळजी घरच्यांनीही घेतली नसती.

"मी उचलतो तुला," सूर्यकांत म्हणाला. त्याने सरळ व्हायचा प्रयत्न केला आणि "आई गं" म्हणून आणखी वाकला.

जमालने घड्याळ पाहिलं. दिवे बंद करायचे होते, दार लावायचं होतं, नमाज चुकवायचा नव्हता. बाईला उणे चारमध्ये कोंडून जाता येत नव्हतं आणि तिला हातही लावता येत नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर. साधनाची बोटं बधिर व्हायला लागली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. खोकी उतरवायचं जुनं दार चांगलं ट्रक आत येईल एवढं रुंद होतं.

"जमालभाई, वो दरवाजा खोलो."

"मशीन बाहर? मॅडम, ममनूअ! मना है!"

"किधर लिखा है?"

जमालच्या ओठांवर नऊही नियम येऊन गेले. बाहेरून अजान ऐकू आली. त्याने दार उघडलं.

"अहो, बसा मागे," साधना म्हणाली.

"मी?"

"तुम्हाला तरी कुठे चालता येतंय?"

जमालने आणि मिहिकाने मिळून त्याला मागच्या सीटवर आडवा-उभा कसाबसा चढवला. उंबऱ्यावरच्या सिमेंटवर गाडीच्या पट्ट्या अशा किंचाळल्या, की समोरच्या गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग रेती लागली आणि आवाज थांबला. त्यांच्या टोयोटाशेजारी, स्वच्छ उन्हात, साधनाने ब्रेक दाबला. जमाल दार लावून धावतच मशिदीकडे गेला. मायलेकींनी डब्यातली थालीपिठं खाल्ली. सूर्यकांतने मान वर न करता खाल्ली.

एक वाजून गेल्यावर मशिदीच्या बाजूने एक लांब पांढरी गाडी आली. ड्रायव्हरने मागून व्हीलचेअर काढली आणि तिच्यात एका म्हाताऱ्या अरबाला बसवलं. मागोमाग जमाल आणि खैरुद्दीन धापा टाकत येत होते. रेतीवरची स्नोमोबाइल म्हाताऱ्याला लांबूनच दिसली होती.

"अरबाब है," खैरुद्दीन कुजबुजला. "मालिक. हॉल के."

मशीनचं नुकसान, तक्रार, पोलीस, व्हिसा रद्द, मुंबईचं विमान, इतकं सगळं सूर्यकांतला एका दमात दिसलं.

"ये तुम को कैसे मिला?" अरबाबने विचारलं. तरुणपणी तो मुंबईला खजूर घेऊन जायचा. त्याची हिंदी तिथलीच होती.

"साइन करके मिला," साधना म्हणाली.

"मेरे को नहीं मिला!" म्हाताऱ्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "दो महीना हुआ. मेरा हॉल, मेरा बरफ, मेरा मशीन. ये जमाल रोज बोलता है, अरबाब, आप का घुटना, नॉट सेफ. इन्शाल्ला अगला हफ्ता."

अरबाबने हँडलकडे बोट केलं.

"इसमें पैर का क्या काम है?"

"कुछ नहीं. अंगूठा दबाया तो चलता है, बायां हाथ दबाया तो रुकता है. पैर सिर्फ साथ में आता है."

म्हातारा खदखदून हसला. "बस! उतरो बहन. अभी मैं बैठेगा."

ड्रायव्हर पुढे झाला. जमाल पुढे झाला. सूर्यकांत मागून साधनाच्या कानात म्हणाला, "साधना, दे त्यांना. हात जोडतो."

साधनाने हँडल सोडलं नाही.

"अरबाब, मेरा एक राउंड बाकी है."

खैरुद्दीनने जीभ चावली. जमालने कपाळाला हात लावला. सूर्यकांतची कमरही क्षणभर दुखायची थांबली. अरबाबच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"टिकट है?"

साधनाने खिशातून तिकीट काढून पुढे केलं. म्हाताऱ्याने चष्मा लावला. भोकं मोजली. दोन. तिसरी जागा कोरी होती. तिकीट त्याने परत दिलं आणि ड्रायव्हरला खुर्ची मागे घ्यायची खूण केली.

"सही बात है," तो म्हणाला. "मैं लाइन में है."

साधनाने अंगठा दाबला. गाडी रेती उडवत कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आली आणि उभ्या मंडळींसमोरून तशीच पुढे गेली. खैरुद्दीन काउंटर उघडून कॅलिपर घेऊन आला होता आणि तो दोन्ही हातांत धरून उभा होता. मिहिका टाळ्या पिटत होती. अरबाब मान डोलवत प्रत्येक वळण बारकाईने बघत होता.

"अगं, झाली ना फेरी!" सूर्यकांत तिची कंबर घट्ट धरून ओरडला.

"कुठून कुठपर्यंत?" साधनाने मागे न बघता विचारलं.

क्लेमच्या विभागात चौदा वर्षं काढलेल्या सूर्यकांतने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोर नव्हता, झेंडा नव्हता, पाटी नव्हती. तिसरी फेरी अकरा मिनिटं चालली.