नानासोंची गाडी आणि बिस्किटाच्या डब्याचा पत्रा

मुलांनो, वडूजच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. भूत आणि डिझेल गाडी, दोन्हींना मी घाबरत नाही, असं छातीठोक सांगत असे!

गाडी माझ्या थोरल्या भावाची, नानासोंची. ते आषाढात गेले आणि गाडी माझ्या दारात आली. धूर ओकायची, चढाला धापा टाकायची. दोष ईजीआर व्हॉल्व्हचा. म्हणजे काय? इंजिनानं सोडलेला थोडा धूर एक नळी परत इंजिनालाच खायला घालते. बाहेर प्रदूषण कमी होतं, आत काजळी साठते. रोज शिळी भाकर खाल्ली तर कुणाचंही पोट बिघडेल! मी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला, नळीच्या तोंडाशी बसवला, बोल्ट आवळले. वाट बंद!

दुसऱ्या सकाळी मी आणि आमच्या सौभाग्यवती अंबूबाई मिरजेला निघालो, नानासोंच्या लेकीकडे जेवायला. स्वप्नाली तिथं नर्स आहे. वडलांची गाडी तिला हवी होती. मला ती सोडवत नव्हती.

विट्याच्या अलीकडं दाट धुकं लागलं. चढाला गाडी एकदम मंदावली, आणि बॉनेटखालून कुणीतरी खोकलं. दोनदा आखूड, मग एकदा लांब, ओढलेलं.

अंबूबाईंनी पदर घट्ट धरला. "आवं, ह्यो भावजींचा खोकला हाय."

पत्रा सैल झाला असेल, असं मी समजावलं. पण मी बसलो होतो त्या सीटला अजून नानासोंच्या पाठीचा खळगा होता, आणि तो मला गार लागत होता. गाडी गोगलगायीसारखी सरकू लागली. मी ती कडेला घेतली. खोकला चालूच.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला होता, याची अंबूबाईंनी आठवण करून दिली. "जीव गाडीत अडकलाय त्यांचा. बोला की एकदा."

मी इंजिन बंद केलं आणि धुक्याला हात जोडले. "नानासो, गाडी स्वप्नालीची. आता जाऊ द्या."

किल्ली फिरवली. सुट्टीची घंटा झाल्यावर तुम्ही पळता तशी गाडी चढावर पळाली! मिरजेपर्यंत खोकला नाही.

मिरजेत स्वप्नाली आम्हाला तानाजी मिस्त्रीकडे घेऊन गेली. चालू इंजिनावर बॉनेट उघडून त्यानं पाहिलं. त्यानं सांगितलं, ईजीआरची वाट बंद दिसली की गाडीतला संगणक इंजिनाचा जोर कमी करतो. बंद करून पुन्हा सुरू केली की कधीकधी जोर परत येतो. मी विजयी नजरेनं अंबूबाईंकडे पाहिलं. म्हणजे गाडी माझ्याकडेच राहणार होती!

"पण गुरुजी," तानाजी आणखी वाकून म्हणाला, "पत्रा पार फाटलाय. धूर हितनं अजून फुसफुसतोय. आवाज यायलाच पायजे. मग का येत न्हाई?"

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली स्वप्नालीच्या हातात ठेवली.

तर मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगायला वडूजला जरूर या. फक्त एसटीनं या.